क्षमा आणि भरपाई

कृष्णाकाठच्या माणसाला 'लिफ्ट' हा शब्द प्रथम भेटला तो पाण्याच्या निमित्ताने. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांनी नदीचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांकडे नेले आणि 'लिफ्टचे पाणी' हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी रुळले. माणसांना उचलणारी लिफ्ट मात्र आपल्याकडे मागाहून आली. आज साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत बहुमजली इमारती उभ्या आहेत, रुग्णालयांत मजल्यांवर मजले चढले आहेत, आणि आपल्या धर्मग्रामातील वृद्ध माणसे लिफ्टवाचून घराबाहेर पडू शकत नाहीत. सोय आली, की तिच्याबरोबर जबाबदारीही येते. त्या जबाबदारीविषयी, आणि तिच्या आड उभ्या असलेल्या एका नैतिक प्रश्नाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

एक प्रसंग कल्पू या. सांगलीतील एका सोसायटीत धुणीभांडी करणारी एक मावशी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचे दार ओढते. दार उघडते, पण लिफ्ट तेथे आलेलीच नसते. मावशी खाली कोसळते आणि तिचे कंबरेचे हाड मोडते. दाराच्या कुलपात बिघाड आहे हे दोन महिन्यांपासून सर्वांना ठाऊक होते. दुरुस्तीचा खर्च पुढच्या सभेवर ढकललेला होता. सोसायटीतील मंडळी दुष्ट नाहीत. ती मावशीला रुग्णालयात नेतात, पहिले बिल भरतात, काही हजार रुपये तिच्या मुलाच्या हाती ठेवतात. सोसायटीचे चिटणीस आणि मावशी रविवारी एकाच मंदिरात मिस्साला बसणारे आहेत. चिटणीस मुलाला म्हणतात, "बाळा, देवाची इच्छा होती. आपल्याआपल्यात कोर्टकचेरी शोभत नाही. आपण क्षमा करणारी माणसे आहोत." मुलगा मान डोलावतो आणि कागदावर सही करतो.

या उपदेशात धर्म किती आणि सोय किती, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम 'देवाची इच्छा' या शब्दांकडे पाहू. दोर तुटला तरी लिफ्ट कोसळू नये अशी व्यवस्था एलिशा ओटिस या कारागिराने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः लिफ्टवर उभे राहून, दोर कापवून, लोकांना दाखवली. लिफ्ट मजल्यावर आल्याखेरीज बाहेरचे दार उघडू नये अशी कुलपेही फार पूर्वीपासून वापरात आहेत. धोका ठाऊक आहे, उपाय ठाऊक आहे, आणि तरीही उपाय केला नाही, तर त्याचे खापर परमेश्वराच्या माथी फोडणे हे त्याचे नाव व्यर्थ घेणे आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती हे म्हणणे प्रभू येशूने साफ नाकारले, हे संत लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. अपघातग्रस्ताच्या नशिबाला बोल लावण्याची वाट प्रभूने तेथेच बंद केली.

जुन्या करारात तर आपल्या प्रश्नाचे उत्तर आश्चर्य वाटावे इतके जवळ आहे. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात खड्डा उघडा ठेवणाऱ्याविषयी नियम आहे: त्यात कोणाचा बैल किंवा गाढव पडले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी. अनुवादच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे. कोणी वरून पडला तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो. मालकाचा हेतू वाईट होता का, असे शास्त्र येथे विचारत नाही. खड्डा झाकला होता का, कठडा बांधला होता का, एवढेच विचारते. लिफ्टचे बिघडलेले दार हा आपल्या काळचा उघडा खड्डा आहे.

देशाचा कायदाही याच वाटेने गेला आहे. मुंबई इलाख्यात लिफ्टसाठी १९३९ सालीच स्वतंत्र कायदा झाला. त्याची जागा घेण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ साली नवा कायदा केला. अपघात झाल्यास मालकाने निरीक्षकाला कळवावे आणि त्याच्या लेखी परवानगीवाचून लिफ्ट पुन्हा चालवू नये, हा दंडक १९३९ पासूनचा आहे. दिल्लीत चांदणी चौकातील नगरपालिकेचा जुना मनोरा कोसळून माणसे दगावली, त्या खटल्यात १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने मानले की, असा मनोरा आपोआप पडत नसतो. तो पडला हाच निष्काळजीपणाचा पुरावा होय, आणि काळजी घेतली होती हे मालकाने दाखवावे. लिफ्टचे दार रिकाम्या पोकळीवर उघडते, तेव्हाही हेच तत्त्व जखमी माणसाच्या बाजूने मांडता येते.

म्हणून अशा कुटुंबाने गोंधळून न जाता काही गोष्टी कराव्यात. पोलिसांत व लिफ्ट निरीक्षकाकडे लेखी खबर द्यावी. जागेची छायाचित्रे, उपचारांची बिले, साक्षीदारांची नावे जपावीत. निरीक्षकाच्या अहवालाची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मागावी. जखमी व्यक्ती फ्लॅटधारक असेल किंवा पैसे देऊन सेवा घेणारा रुग्ण असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सातारा व सांगली दोन्ही ठिकाणी हे आयोग आहेत. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही, आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते.

कामगाराची वाट वेगळी आहे. ठाण्यात बाळकुम येथे १० सप्टेंबर २०२३ रोजी बांधकाम चालू असलेल्या चाळीस मजली इमारतीची लिफ्ट कोसळून सात कामगार दगावले. अशा प्रसंगी मालकाची चूक सिद्ध न करताही कामगाराला वा त्याच्या वारसांना भरपाई मागता यावी, हे तत्त्व १९२३ च्या कायद्याने आणले आणि आता ते सामाजिक सुरक्षा संहितेत आहे.

आपल्या गोष्टीतील मावशी सोसायटीची ग्राहक नव्हे. तिला निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा लावावा लागेल. पण स्त्री म्हणून, उत्पन्नाची अट न लागता, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळू शकतो. फौजदारी बाजूही आहे: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली निष्काळजीपणाने केलेली इजा आणि कलम १०६ खाली त्यातून झालेला मृत्यू हे गुन्हे आहेत. मात्र दोषीला शिक्षा झाली म्हणून मावशीचे औषधपाणी होत नाही. शिक्षा आणि भरपाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता क्षमेकडे वळू. क्षमा ही अंतःकरणातील द्वेष सोडून देण्याची कृती आहे, आणि ती ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच करावयाची आहे. भरपाई हे ऋण आहे. संत थॉमस अक्विनस यांनी परतफेडीचा विचार न्याय या सद्गुणाखाली केला आहे. ते दान मानले नाही. जक्कयाला प्रभूची भेट घडली, तेव्हा ज्यांना आपण लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे वचन त्याने दिले. 'त्यांनी मला क्षमा करावी' एवढ्यावर तो थांबला नाही. मावशी चिटणिसांना मनापासून क्षमा करू शकते, आणि त्याच दिवशी आपल्या बुडालेल्या मजुरीचा हिशेबही मागू शकते. यात विसंगती नाही. दुसरा गाल पुढे करण्यास शिकवणाऱ्या प्रभूनेही प्रमुख याजकासमोर चपराक बसली तेव्हा, माझे काय चुकले ते दाखव, नाहीतर मला का मारतोस, असे विचारलेच. संत पौलानेही आपला रोमन नागरिकत्वाचा हक्क सांगितला आणि कैसराकडे दाद मागितली.

याच पौलाने करिंथकरांना, भाऊ भावाविरुद्ध न्यायालयात जातो म्हणून खडसावले, हे खरे. पण त्याच ठिकाणी तो विचारतो की, तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही काय? म्हणजे मंडळीने आपसात न्याय करावा, हे तेथे गृहीत आहे. तडजोड जरूर व्हावी. पण डॉक्टरांचे मत घेऊन, पुढील उपचार, बुडालेली मजुरी आणि आयुष्यभराचे अपंगत्व जमेस धरून. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीस न्यायालयाच्या निकालाचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते. म्हणून सहीपूर्वी कागद वाचावा, दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. दुबळ्याला गप्प बसवून साधलेल्या शांततेला तडजोड म्हणता येत नाही.

दुसऱ्या बाजूनेही एक शब्द सांगणे भाग आहे. खरचटल्याचे हाड मोडले म्हणून सांगणे, दोष नसलेल्या गरीब लिफ्टमनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे, ही चोरीच होय. न्याय मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत.

साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांनी नारायणराव पेशव्यांच्या वधाबद्दल प्रत्यक्ष राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही कथा आपण मुलांना अभिमानाने सांगतो. तो काळ आणि तो अपराध फार मोठा होता. आपल्यापुढचा निवाडा लहान आहे, आणि अवघड अशासाठी की, बहुधा आपणच त्यात प्रतिवादी असतो. लिफ्टचा मालक म्हणजे कोणी दूरचा धनिक नव्हे. सोसायटीच्या सभेत दुरुस्तीची वर्गणी पुढे ढकला म्हणून हात वर करणारे आपणच ते मालक आहोत. पुढच्या सभेत हा विषय निघेल तेव्हा मावशीची आठवण ठेवावी, आणि दार आजच दुरुस्त करून घ्यावे. ज्यांच्या हातून खड्डा उघडा राहून कोणी आधीच पडले असेल, त्यांनी क्षमा मागण्यास जरूर जावे. जाताना उपचारांचा हिशेबही बरोबर न्यावा.