मूळ गाडी, प्रतिकृती आणि एक वही

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे भव्य प्रदर्शन भरले होते. रोल्स रॉइस, बेंटले अशी जी नावे आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली, त्या गाड्या घासूनपुसून मांडलेल्या होत्या. मालक मंडळी हौसेने माहिती सांगत होती आणि पाहणारे गाडीगाडीपाशी थांबून एकच प्रश्न विचारत होते, "ही ओरिजिनल आहे ना?" होकार मिळाला की चेहऱ्यावर समाधान पसरे. त्या प्रश्नाने मात्र माझी पाठ सोडली नाही. मोटार ‘मूळची’ असते म्हणजे नेमके काय असते? आणि ती तशी नसेल, तर तिच्यापासून मिळणारा आनंद खोटा ठरतो काय?

हा प्रश्न सर्वांत अवघड होतो तो स्पोर्ट्स कारच्या बाबतीत. मिरवणुकीची गाडी वर्षानुवर्षे झाकून ठेवता येते. स्पोर्ट्स कार जन्मते तीच वेगासाठी. शर्यतीत तिचे इंजिन निकामी होते, पत्रा चेपतो आणि पुढच्या शर्यतीपूर्वी ते सारे बदलावे लागते. म्हणजे जी गाडी आपला धर्म निष्ठेने पाळते, तिच्या अंगावर मूळचे सर्वांत कमी उरते. नेमका हाच पेच १९९० साली इंग्लंडमधील न्यायालयापुढे आला. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंटले गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिच्यात अनेक फेरफार झाले. १९३२ साली ब्रुकलँड्स येथील अपघातात तिचा चालक मृत्युमुखी पडला आणि गाडी पुन्हा बांधावी लागली. कालांतराने एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला. पण ही ती गाडीच नव्हे, असे म्हणून खरेदीदाराने माघार घेतली. न्यायमूर्तींनी विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. मूळचे भाग फारसे शिल्लक नसले, तरी गाडीचे अस्तित्व मध्ये कोठे खंडित झाले नाही, म्हणून ती तीच गाडी होय, असा त्या निकालाचा आशय होता.

आपल्याकडे हा विचार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच झालेला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन रथातून आलेल्या मिलिंद राजाला विचारतो की, रथ म्हणजे चाके काय? आस काय? जू काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. अखेर दोघे या निष्कर्षाला येतात की, ‘रथ’ हे या सर्वांच्या मेळाला दिलेले नाव आहे. त्याहून निराळा रथ कोठे दाखवता येत नाही. नागसेनाचे म्हणणे मान्य केले, तर ‘ओरिजिनल’ या शब्दाखाली आपण पत्र्यात जे शोधतो, ते पत्र्यात नसतेच.

मग प्रतिकृतीचे काय? कोब्रा नावाच्या प्रसिद्ध स्पोर्ट्स कारच्या मूळ गाड्या सुमारे एक हजार झाल्या. तिच्या प्रतिकृती मात्र त्याच्या कित्येक पट आहेत. जग्वार कंपनीने तर २०१४ साली नवाच घोळ घातला. १९६३ साली तिने ई-टाइपच्या १८ खास हलक्या गाड्या योजल्या होत्या, पैकी १२ च झाल्या. उरलेल्या सहा तिने पन्नास वर्षांनी, राखून ठेवलेल्या क्रमांकांनिशी बांधण्याचे जाहीर केले. कंपनी तीच, आराखडा तोच, क्रमांकही तेव्हाचे. यांना मूळ म्हणावे की प्रतिकृती?

आपण बडोदेकरांनी प्रतिकृतीकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून पुराणप्रसंगांची चित्रे करवून घेतली. मूळ चित्रे राजघराण्याच्या संग्रहात राहिली. पण १८९४ साली मुंबईत निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातील ओलिओग्राफ घरोघर पोहोचले. आमच्या देवघरातील लक्ष्मी त्यांपैकीच होती. आईने तिला नित्य हळदकुंकू वाहिले. ती छापील आहे म्हणून आईच्या भक्तीत काही उणे पडले, असे मला कधी वाटले नाही. त्या चित्राने आपण मूळ असल्याचा दावा कधी केला नव्हता, एवढेच. प्रतिकृती ही असत्य नसते. असत्य असतो तो तिच्यावतीने केलेला दावा.

येथवर विचार सोपा होता. कसोटी लागली ती निराळ्याच प्रसंगी. माझ्या एका दिवंगत स्नेह्यांकडे १९४७ सालची एम. जी. टी. सी. होती. दोन माणसांची, उघडी, लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेली ती देखणी गाडी घेऊन ते रविवारी पहाटे पावागडच्या रस्त्याला लागत. मीही कित्येकदा शेजारी बसलो आहे. कमानी इतक्या ताठ, की रस्त्यावरचा प्रत्येक खडा मणक्याला कळे! आयातबंदीच्या काळात सुटे भाग मिळेनात, तेव्हा त्यांनी तिचे १२५० सी.सी. चे इंजिन काढून अँबॅसडरचे १४८९ सी.सी. चे बसवले आणि ते आर.सी. बुकात रीतसर नोंदवून घेतले. बदललेल्या प्रत्येक भागाची तारीख, किंमत आणि कारण ते एका वहीत लिहीत.

त्यांच्या पश्चात मुलाने गाडी विकायला काढली. दरम्यान त्याला एक जुने टी. सी. चे इंजिन मिळाले होते आणि ते त्याने बसवलेही होते. आता वरून पाहता सारे मूळचेच दिसत होते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मात्र ती मूळ स्वरूपात हवी, चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. वही घेऊन तो माझ्याकडे आला. "काका, तुम्ही सरकारी नोकरीत आयुष्य घालवलंत. ही वही गिऱ्हाइकाला दाखवायलाच हवी का?"

मी म्हणालो, "त्याने विचारले तर दाखव."

दप्तरी माणसाचे हे उत्तर होते. जेवढे विचारले तेवढेच सांगावे, ही आमच्या नोकरीतील पहिली शिकवण. त्यात खोटे काही नव्हते. म्हणूनच त्या रात्री मला झोप आली नाही. न्यायालयाने बेंटलेला तिचे नाव राखू दिले, ते तिचा इतिहास अखंड होता म्हणून. येथे तर तो अखंड इतिहास वहीत लिहून ठेवलेला होता आणि तीच वही दडवण्याची पळवाट मी काढून दिली होती. गाडीतील खरोखर मूळ अशी वस्तू कोणती असेल, तर ती वही होती.

सकाळी मी त्याला दूरध्वनी केला. तो म्हणाला, "काका, मी कालच दाखवली. बाबांचं अक्षर पाहिलं आणि लपवावंसं वाटेना." भाव बराच उतरला. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि उतरलेल्या भावात गाडी घेऊन गेले. वहीही मागून घेतली. मुलाचे नुकसान झाले हे खरे. ते झाले नाही, असे म्हणून मी या प्रसंगाला गोड करणार नाही.

मोटारीवरची मालकी ही शेवटी विश्वस्तपणाच असते. वाहन माणसापेक्षा अधिक काळ टिकते. आपण केवळ मधल्या काही वर्षांचे धनी. पहाटेचा वारा, चाकाखालचा रस्ता आणि शेजारी बसलेला मित्र हा आनंद प्रतिकृतीतही तितकाच खरा असतो, कारण तो कोणाला फसवून मिळत नाही. पुढच्या धन्याला मात्र गाडीबरोबर तिचे खरे चरित्रही सोपवले पाहिजे, आणि तेही त्याने विचारण्याची वाट न पाहता. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली. पण हा धडा मला एका तरुण मुलाकडून मिळाला, हे येथे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.