उंदरिणीची पाठ, आईचा हात

रंगकाम झाले की हात थिनरने पुसायचे, ही आपल्या खाप्यातही सवय. पण काही द्रावके कातडीतून रक्तात जातात. इथॉक्सीइथेनॉल हे त्यांतलेच. १९८२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते गाभण उंदरिणींच्या पाठीवर लावले होते; जास्त मात्रेत सारी पिल्ले पोटातच दगावली, कमी मात्रेतही व्यंगे निघाली.

आईवर असा प्रयोग पापच. मानवी जीव वाचणार असेल तर मर्यादेत राहून प्राण्यांवर करता येतो, पण विनाकारण हाल नकोत, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो (परिच्छेद २४१७-१८). आम्हाला बोचते ते पुढचे. चाचणीतून कळलेले रंगकामावरच्या गरोदर बहिणीला कुणी सांगितलेच नाही, तर ते हाल विनाकारणच ठरले ना? तिला आपण फार तर कापडी मोजे देतो, आणि ते तर द्रावक शोषून कातडीलाच धरून ठेवतात.