झाडाला जात नाही, कुंपणाला असते

मित्रहो, माळावर झाड लावणं चांगलं की वाईट, हा प्रश्नच नाही. झाड चांगलंच. प्रश्न वेगळा आहे. झाड लावणारा 'आपण सगळे' म्हणतो, त्या 'आपण'मधी कोण कोण येतं?

आपल्या विट्यापासून फार लांब नाही, देवराष्ट्र्याच्या डोंगरात सागरेश्वर अभयारण्य आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून बोडका डोंगर हिरवा झाला. झाडं माणसांनी लावली, बरीचशी जनावरं बाहेरनं आणून सोडली. १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. दहा चौरस किलोमीटरवर जागा, आणि कुंपण. बारमाही पाणी नसलेल्या जागी जंगल उभं करणं ही लहानसहान गोष्ट नव्हं. तिला हसणारा करंटा.

पण कुंपण म्हटलं की आपल्याला जुनं आठवतं. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, आपल्याला होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी घेतलं तेव्हा कुठं जगाला ते दिसलं. तेव्हा मुक्या जनावरावर दया करणारा समाज माणसावरही दया करतो, हे गृहीत धरू नका. दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखानं नांदतात.

आता गायरानाकडं या. पिढ्यान्पिढ्या गावाची शीव राखली महारानं. शिवेचा तंटा निघाला की साक्ष महाराची. पण शिवेच्या आतली जमीन मात्र दुसऱ्याची. म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, हजारो माणसं तुरुंगात गेली. २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून निकाल दिला. त्यातच, सरकारी आदेशानं भूमिहीनांना किंवा दलित-आदिवासींना दिलेली जमीन अपवाद म्हणून नियमित करता येईल, असंही म्हटलं. पुढं २०१९ ला राज्य सरकारनं ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला. एवढे खड्डे खणायचे कुठं? बागायतदाराच्या उसात कोण खणणार? 'मोकळी' जमीन शोधली की बोट गायरानाकडंच जातं. आणि तिथं कुणी दोन पायली जुंधळा पिकवत असलं, तर ते अतिक्रमण. ज्याला कधी जमीन दिलीच नाही, त्यालाच जमीन वाचवायला सांगायचं, ही कुठली नीती?

दुसरी गोष्ट शब्दांची. हल्ली 'देशी झाडं लावा' म्हणतात. बरोबर आहे. पण का बरोबर, ते नीट समजून घ्या. काहीजण त्यात शुद्ध-अशुद्ध आणतात. नीलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ मेक्सिकोकडची, म्हणून ती बाटगी. हा शब्द आपण ओळखतो. तो आपल्याच पाठीवर उठलाय. झाडाला वंश नसतो, सोयरीक असते. तरवडाच्या पाल्यावर फुलपाखराची अळी वाढते, बोरीवर पाखरं जगतात, बाभळीच्या शेंगेवर शेळी. हे आहे म्हणून ते आहे. बुद्धानं प्रतीत्यसमुत्पाद सांगितला तो हाच. देशी झाड रक्तानं मोठं नाही, नात्यानं मोठं आहे. मग त्या नात्यातनं शेळीवाली बाई वगळून कसं चालंल?

मार्ग नाही असं नाही. आपल्याच खानापूर तालुक्यात येरळेच्या काठी बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण बांधलं. १९८२ च्या संपातनं गावाकडं परतलेले गिरणी कामगार मुक्ती संघर्षाच्या त्या चळवळीत होते. नदीची वाळू कंत्राटदाराच्या घशात जाऊ द्यायची नाही, आणि पाणी जमिनीच्या मापानं नाही तर माणसागणिक वाटायचं, भूमिहीनालाही वाटा, हे तिथलं तत्त्व. म्हणजे निसर्ग राखायचा असंल तर आधी वाटणी बदलायची.

आता निसर्ग-शिक्षण. पोरांना सहलीला न्यायचं, झाडांच्या पाट्या वाचून दाखवायच्या. चांगलंय. पण कुठला पाला जखमेवर बांधायचा, कुठलं कंद दुष्काळात खायचं, हे आपल्या वस्तीतल्या म्हातारीला उपासमारीनं शिकवलं. तिला गुरुजी म्हणून खुर्ची द्या, मानधन द्या. नायतर तिचीच विद्या घेऊन तिलाच लाकूडचोर ठरवाल.

अशोकानं माणसासाठी आणि पशूसाठी रस्त्याकडंला झाडं लावली, विहिरी खणल्या, हे शिलालेखात कोरलंय. त्याच अशोकानं तेराव्या लेखात अरण्यातल्या लोकांना शिक्षेचा धाकही घातलाय. आपण त्याचा पहिला लेख डोक्यावर घेऊ, दुसऱ्याला सवाल करू. अनुयायी असणं म्हणजे हेच.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, उद्या तुमच्या गावात 'लोकांचं रान' उभं राहणार असंल तर पाठ फिरवू नका. सभेत जा, पुढं बसा आणि तीन गोष्टी विचारा. जमीन कुणाची घेताय? समितीत वस्तीतलं कोण, आणि त्याचं मत मोजणार का? गवत, सरपण, पाणी यांची वाटणी कशी? उत्तरं सरळ आली तर पहिली कुदळ आपली. आली नाहीत तर पहिली हरकतही आपलीच.

जयभीम.