नव्याचा हात कोण धरील?



कॉलेजचे प्रवेश झाले, की मिस्सानंतर आपल्या चर्चच्या आवारात पेढे वाटले जातात. कुणाची मुलगी नेरूळला जाते, कुणाचा मुलगा खारघरला, तर कुणी घर सोडून लांबच्या वसतिगृहात राहायला निघतो. पालक मुलांना आशीर्वादासाठी आमच्याकडे आणतात आणि निघताना हळूच विचारतात, "फादर, तिथे रॅगिंग तर नसेल ना?"

प्रश्न रास्त आहे. पण आमच्या मनात त्याला जोडून दुसराही प्रश्न येतो. आपलीच मुले उद्या सिनियर होतील, तेव्हा ती काय करतील?

आपल्या राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालापासून आहे. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश बंद, अशी त्यात तरतूद आहे. तक्रार आल्यावर प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. २००९ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे विद्यार्थी आणि पालक दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेतले जाते. आपण त्यावर सही करतो. वाचतो किती जण?

कायदा असूनही काय घडू शकते, हे आपण जवळून पाहिले आहे. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी हिने आपले जीवन संपवले. जळगाव जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबातली ही मुलगी स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तीन सिनियर महिला डॉक्टरांनी जातीवरून तिचा छळ केला, असा तिच्या कुटुंबीयांचा आरोप आहे. त्या तिघींना अटक झाली. दोष कुणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. पण 'रॅगिंग म्हणजे मुलांचा दांडगावा, मुलींमध्ये असे काही नसते' ही आपली समजूत त्या दिवशी गळून पडायला हवी होती. अमेरिकेतील कॉलेजांत मुलींचे 'सोरोरिटी' नावाचे संघ असतात. लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण. तिथेही नव्या मुलींना 'बहीण' करून घेण्याआधी त्यांचा अपमान केल्याचे प्रकार घडले आहेत. बहीण म्हणायचे आणि तिला रडवायचे, हे कसले नाते?

"थोडी गंमत असते, फादर. त्याने मुले कणखर होतात," असे काही जण म्हणतात. त्यांना आम्ही संत लूकच्या शुभवर्तमानाचा बाविसावा अध्याय उघडायला सांगतो. पहारेकऱ्यांनी प्रभू येशूचे डोळे बांधले, त्याला मारले आणि कुणी मारले ते ओळख, असे म्हणत त्याची थट्टा केली. त्यांच्या दृष्टीने ती रात्र घालवण्याची गंमतच होती! डोळे बांधलेल्याला मात्र ती गंमत नव्हती. खोलीत कुणा नव्या मुलाला मधे उभे करून सगळे हसतात, तेव्हा आपला प्रभू हसणाऱ्यांच्या घोळक्यात नसतो. तो मधे उभा असतो.

हसणाऱ्यांविषयी थोडे बोलू. संत अगस्तीन तरुणपणी कार्थेजला शिकत होते. तिथे नव्या, लाजऱ्या विद्यार्थ्यांची टर उडवणारी एक टोळी होती. आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथात अगस्तीन कबूल करतात, की त्यांना त्या टोळीच्या कृत्यांचा तिटकारा होता, तरीही ते त्यांच्यातच वावरत आणि आपण त्यांच्यासारखे नाही याची त्यांना लाज वाटे. सोळाशे वर्षांपूर्वीची ही कबुली आम्हाला फार जवळची वाटते. कारण सोळाव्या वर्षी आम्हीही एका वसतिगृहात होतो. एक नवा मुलगा वसईकडच्या बोलीत बोलायचा, म्हणून रात्री त्याला बाकावर उभे करून तेच तेच वाक्य बोलायला लावत. आम्ही त्याला उभे केले नव्हते. आम्ही फक्त हसलो होतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला नाही. पुढे तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत 'माणूस हे कुणाचे साधन नाही' यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली आणि चांगले गुण मिळवले. पण तो धडा आम्हाला त्या बाकापाशी यायला हवा होता.

मग नव्याची परीक्षा घेऊच नये का? जरूर घ्यावी. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत मठात येणाऱ्याला सहज प्रवेश नाही, त्याला चार-पाच दिवस दारावर थांबावे लागते. पण आत आल्यावर त्याची काळजी घ्यायला एक अनुभवी ज्येष्ठ नेमला जातो आणि वर्षभरात तीन वेळा सगळे नियम त्याला वाचून दाखवले जातात. आपण कशात पाऊल टाकतो आहोत हे त्याला कळावे, आणि नको असेल तर मोकळेपणी निघून जाता यावे, म्हणून. परीक्षा माणसाला उभे करते, अपमान त्याला मोडतो.

पवित्र शास्त्रातील आपला आदर्श बर्णबा आहे. शौल यरुशलेमला आला, तेव्हा शिष्य त्याला घाबरून दूर राहिले. बर्णबाने त्याला सोबत घेऊन प्रेषितांपुढे नेले (प्रेषितांची कृत्ये ९:२६-२७). त्या एका हातामुळे ख्रिस्तसभेला संत पौल लाभला.

पालकांनो, मुलांना या आठवड्यात एवढेच सांगा: त्रास झाला तर लपवू नकोस, आम्ही रागावणार नाही. १८००-१८०-५५२२ ही रॅगिंगविरोधी हेल्पलाइन त्यांच्या फोनमध्ये लिहून द्या. तरुणांनो, 'आमचीही झाली होती' हे हिशेब चुकते करण्याचे कारण नव्हे. ती साखळी तुमच्यापाशी तुटू द्या. आणि आपल्या गायनवृंदात, युवा संघात कुणी नवा आला, तर पहिल्या दिवशी त्याचे नाव विचारा आणि त्याला शेजारी बसवा.

डोळे बांधलेला प्रभू आपले डोळे उघडो.

आपला धर्मगुरू