पाहणारा आणि त्याचे दायित्व

दुसऱ्याचे पाप पाहून ते जसेच्या तसे मांडणारा मनुष्य त्या पापी माणसाचे काही देणे लागतो काय? फेलिक्स व्हालोताँ या चित्रकाराची लाकडी ठशांची चित्रे पाहताना हा प्रश्न आमची पाठ सोडीत नाही.

व्हालोताँचा जन्म १८६५ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे, एका प्रॉटेस्टंट घराण्यात झाला. सोळाव्या वर्षी तो पॅरिसला गेला व पुढे तेथलाच झाला. बोनार, व्ह्युयार आदी तरुण चित्रकारांचे जे मंडळ होते, त्यांनी स्वतःला 'नाबी' म्हणवून घेतले होते. हा शब्द हिब्रू, अर्थ संदेष्टा. व्हालोताँला ते 'परका नाबी' म्हणत. थट्टेने दिलेले हे नाव आम्हांला फार नेमके वाटते.

लाकडी ठशात जे कोरून काढावे ते पांढरे उमटते. ज्याला हत्यार लागत नाही ते काळे राहते. व्हालोताँने हा काळा भाग अफाट वाढू दिला. १८९७-९८ मधील 'अंतरंग' या दहा चित्रांच्या मालिकेत बंद खोल्यांतील स्त्री-पुरुष आहेत. 'असत्य' या चित्रात एक जोडपे आलिंगनात बसले आहे. खोटे कोण बोलत आहे हे चित्रकार सांगत नाही. 'पैसा' या चित्रात काळोखाने अर्ध्याहून अधिक कागद गिळला आहे. येथे क्रोध नाही, करुणाही नाही. दार किलकिले करून कोणी पाहिले आणि निघून गेला, असे वाटते.

नाथान संदेष्ट्यानेही दाविदाचे घरातले पाप ओळखले होते. परंतु तो राजासमोर उभा राहिला, त्याच्या तोंडावर बोलला, आणि राजाच्या क्रोधाचा धोका त्याने पत्करला. व्हालोताँचे पाहणे असे कोणाच्या समोर येत नाही. आमच्या मते त्याचे उणेपण येथे आहे, काळ्या रंगात नव्हे. (त्या मालिकेच्या तीसच प्रती काढून त्याने ठसे कापले आणि अधिक प्रती निघणार नाहीत याचा पुरावा म्हणून तुकडेही छापले. पैशावरील चित्राला दुर्मीळतेचे मोल यावे, हे गमतीचेच!)

तथापि त्याला हे जाणवत नव्हते असे म्हणवत नाही. १९०७-०८ च्या सुमारास त्याने एक कादंबरी लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. तिच्या नायकाच्या सहवासात येणाऱ्यांवर एकामागून एक आघात होतात. त्याचा हेतू वाईट नसतो, तरी आपणच घातकी आहोत ही भावना त्याला पोखरीत राहते. नीतिशास्त्र हेतूवाचून दोष मानीत नाही. पण मनाची टोचणी नीतिशास्त्राला विचारून येत नसते.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले, तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा व्हालोताँ सैन्यात भरती होण्यास गेला. वयामुळे त्याला नाकारण्यात आले. १९१७ च्या जूनमध्ये सरकारी कामगिरीवर शांपान्य प्रांतातील आघाडी पाहण्याची संधी मात्र मिळाली. सुएँ गावचे भग्न चर्च त्याने रंगविले. त्याच वर्षी 'व्हर्दें' हे चित्रही. त्यात एकमेकांना छेदणारे प्रकाशझोत आहेत, धूर आहे, आग आहे, पाऊस आहे. माणूस एकही नाही. इतकी वर्षे माणसांना खोल्यांत गाठणाऱ्या त्या डोळ्याला येथे दोष देण्यासाठी कोणी सापडला नाही, की कोणाला दोष देण्याचे धैर्य उरले नाही, हे त्या चित्रापुढे आम्हांला ठरविता येत नाही.