घर कोणाच्या नावावर?

लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं एक घर आहे. प्रिमरोज हिल भागातल्या, एकमेकांना चिकटून रांगेत उभ्या असलेल्या जुन्या घरांपैकी एक, चार मजली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारनं तीस लाखांहून जास्त पौंड मोजून ते विकत घेतलं. त्याच नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. २०१८मध्ये कॅम्डेन कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या पालिकेनं सांगितलं की ही राहायची जागा आहे, तिचं संग्रहालय करायला परवानगी नाही.

आपल्याकडे ही बातमी आली तेव्हा बऱ्याच जणांना यात सरळ सरळ अपमान दिसला. मला आधी तसंच वाटलं. पण कौन्सिलचा मुद्दा वाचला तर तो तितका फालतू नाही. लंडनमध्ये घरांची टंचाई आहे. एक घर संग्रहालय झालं की राहायचं एक घर कमी होतं. शेजाऱ्यांची गर्दीबद्दलची कुरकुर मी बाजूला ठेवतो, ती कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर रोज सापडते. पण घर हे राहण्यासाठी असतं, हे तत्त्व बाजूला ठेवता येत नाही. तेही या माणसाच्या बाबतीत, ज्याला घर मिळत नव्हतं.

ती गोष्ट १९१७ची, बडोद्याची. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, संस्थानच्या नोकरीवर रुजू झालेला हा तरुण राहायला जागा शोधत होता. हिंदू हॉटेलात प्रवेश मिळणार नाही हे माहीत होतं, म्हणून तो पारशी धर्मशाळेत गेला. ती फक्त पारशांसाठी होती. व्यवस्थापकाला पैशांची गरज होती. रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहायचं, दिवसाला दीड रुपया द्यायचा, असं ठरलं. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन दारात उभी राहिली. मग त्यानं दोन मित्रांकडे विचारून पाहिलं. एक हिंदू, तो म्हणाला की तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती, तो म्हणाला की बायकोला विचारावं लागेल. शेवटी मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यानं एका सार्वजनिक बागेत काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात बाबासाहेबांनी हे सगळं स्वतः लिहून ठेवलंय. वाचलं नसेल तर वाचा, एका बसमध्ये वाचून होतं.

या पार्श्वभूमीवर लंडनचं घर मला वेगळंच दिसायला लागलं. तिथे काही फार थोर घडलं म्हणून नव्हे. लंडनमधली ती वर्षं अर्धपोटी, काटकसरीची होती. कुणी माणुसकीच्या ओढीनं त्यांना जागा दिली, असंही मला म्हणायचं नाही. भाडं घेतलं, खोली दिली. नुसता व्यवहार. पण बडोद्यात नेमका हाच व्यवहार होत नव्हता. खिशात पैसे होते, पगार होता, पदवी होती, आणि तरी खोली मिळत नव्हती. पैशाला आपण एरवी कोरडं, निर्दय वगैरे म्हणतो. इथे मात्र पैसा आडनाव विचारत नाही, हीच त्याची सगळ्यात मोठी नीती ठरली. या विचारानं मी जरा अस्वस्थ होतो. तुम्ही होता का?

कारण आजही तो सगळीकडे तसा वागत नाही. तीन वर्षांपूर्वी मी आणि माझा एक सहकारी पुण्यात फ्लॅट शोधत होतो. कंपनी एक, पगार जवळपास सारखा, कागदपत्रं सारखी. फोनवर मी बोललो, घरमालक खूश. दुसऱ्या दिवशी ब्रोकरनं करारासाठी दोघांची पूर्ण नावं मागितली. तासाभरात उलटा फोन: मालकांचे नातेवाईक अचानक राहायला येतायत. आम्ही दुसरीकडे घर घेतलं. सहकारी एकच वाक्य बोलला, ‘त्यांचे नातेवाईक खूप आहेत रे.’

आता परत १० नंबरकडे. बाबासाहेब तिथे राहिले दीड-दोन वर्षं. १९२२ ते २०१५ ही ९३ वर्षं तिथे आणखी किती जण राहिले असतील? महायुद्धात खिडक्यांना काळे पडदे लावणारे कुणी, तिथे जन्मलेलं एखादं मूल, भाडं थकल्यामुळे निघून गेलेलं कुणी. आम्ही लोक कोड गिटमध्ये ठेवतो. प्रत्येक बदलाची नोंद राहते, आणि त्यातल्या एखाद्याच नोंदीला टॅग लावला जातो. दारावरची निळी गोल पाटी म्हणजे असा टॅग. बाकीच्या नोंदी खोट्या ठरत नाहीत, फक्त त्या कुणी उघडून बघत नाही. हा अन्याय आहे का? थोडासा आहे, असं मला वाटतं. पण सरकारी दप्तरात घर नेहमी मालकाच्या नावावर असतं. इथे ते एका भाडेकरूच्या नावानं ओळखलं जातं, हे मला आवडतं.

आणि मालकीचाच प्रश्न असेल तर परळची बीआयटी चाळ आधी आठवायला हवी. प्लेगनंतर स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं बांधलेल्या या चाळीत बाबासाहेबांचं बिऱ्हाड वीसेक वर्षं होतं, दुसऱ्या मजल्यावर, दोन लहान खोल्यांत. दादरला ‘राजगृह’ बांधून ते तिकडे गेले ते त्यानंतर. पुढची कितीतरी दशकं त्या खोल्यांत दुसरी कुटुंबं राहत आली. स्वयंपाक, पाण्याच्या वेळा, पोरांचे अभ्यास, सगळं चालू. स्मारक म्हणून हे कमी आहे का? लंडनच्या घरासाठी कोट्यवधी रुपये, आणि परळच्या खोल्या फारशा कुणाला माहीतही नाहीत. यात परदेशाचं जुनं कौतुक आहेच.

तरी लंडनचं स्मारक नको, असं मी म्हणणार नाही. मार्च २०२०मध्ये ब्रिटनच्या गृहनिर्माण मंत्र्यांनी अपिलात कौन्सिलचा निर्णय फिरवला आणि संग्रहालयाला परवानगी मिळाली. मला विचाराल तर वरचा एक मजला मी राहता ठेवला असता. काचेच्या पेटीतल्या चष्म्यापेक्षा तिथे एका विद्यार्थ्याला खोली भाड्यानं दिली असती, लंडनच्या मानानं परवडेल अशा दरात. फॉर्मवर नाव विचारायचं, कोर्स विचारायचा, किती महिने राहणार ते विचारायचं. आडनावाचा रकाना रिकामा सोडला तरी फॉर्म पुढे गेला पाहिजे, एवढं कोड मी फुकट लिहून देईन.