साठीनंतरचं काम

मार्च 1977मध्ये मोरारजी देसाई पंतप्रधान झाले तेव्हा त्यांचं वय होतं 81. त्याच पदावर डोळा असलेले चरणसिंह 74 वर्षांचे होते आणि जगजीवनराम 68 वर्षांचे. तिघांतून एकाला निवडण्याचं काम जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी यांच्याकडे होतं. त्यांतले कृपलानी 88 वर्षांचे. ज्या असंतोषाच्या लाटेवर हे सरकार आलं, त्याची एक ठिणगी मात्र अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात, वसतिगृहाच्या मेसबिलावरून पडली होती. तिथून गुजरात पेटलं, मग बिहार. रस्त्यावर उतरलेली मुलं विशीतली होती. त्यांनी लाठ्या खाल्ल्या, वर्षं बुडवली, तुरुंग पाहिला. त्यांच्यातले काही जण 1977मध्ये निवडूनही आले. पण देशाचा कारभार कोणी करायचा, हे ठरवणारी आणि त्यावरून भांडणारी माणसं त्यांच्या आजोबांच्या वयाची होती.

मोरारजी म्हातारे होते म्हणून सरकार पडलं, असं कोणी म्हणेल तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. शिस्त, स्मरणशक्ती, कामाचा उरक यांत ते तरुणांना हार जाणारे नव्हते. पुढच्या कोणाला आणीबाणी सहज लादता येऊ नये, म्हणून 44वी घटनादुरुस्ती झाली ती त्यांच्याच काळात. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला लागतो, ही अट तेव्हा आली आणि ती आजही आपलं रक्षण करते. नेल्सन मंडेलाही राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा 75 वर्षांचे होते. पण एकाच कार्यकाळानंतर, 1999मध्ये, ते स्वतःहून बाजूला झाले. म्हणजे प्रश्न जन्मतारखेचा नाही. मोरारजींच्या जनता पक्षातल्या ज्येष्ठांना वाटत होतं की आयुष्यभर वाट पाहिली, आता ही शेवटची संधी. ज्याला पुढे वेळच उरलेला नाही तो थांबायला तयार होत नाही. जुलै 1979मध्ये मोरारजींनी राजीनामा दिला, चरणसिंह पंतप्रधान झाले आणि संसदेला एकदाही सामोरं न जाता महिन्याच्या आत त्यांनीही राजीनामा दिला. कोट्यवधी लोकांनी ज्या आशेनं मतं दिली होती, तिचं असं मातेरं झालं.

त्याच पक्षात एक माणूस वेगळा वागला. नानाजी देशमुख मूळचे आपल्या हिंगोलीकडचे, कडोळीचे. बिहार आंदोलनात पाटण्याला जयप्रकाशांवर लाठ्या पडू लागल्या तेव्हा त्या अंगावर झेलणारे. 1977ला ते उत्तर प्रदेशातल्या बलरामपूरमधून लोकसभेवर निवडून आले. केंद्रात मंत्रिपद मिळत होतं, ते त्यांनी घेतलं नाही. साठी ओलांडलेल्यांनी सत्तेबाहेर राहून समाजाचं काम करावं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि 1978मध्ये, साठी उलटताच, त्यांनी स्वतः राजकारण सोडलं. आधी गोंडा, मग चित्रकूट. शेती, पाणी, शाळा, गावातले तंटे गावातच मिटवणं. चित्रकूटला ग्रामोदय विद्यापीठ उभं राहिलं. 2010मध्ये वारले तेव्हाही देह वैद्यकीय अभ्यासासाठी देऊन गेले. त्यांच्या विचारसरणीशी आपलं जमो न जमो, राजकारण सोडल्यानंतर या माणसाच्या हातून तीस वर्षांचं काम झालं, हे नाकारता येत नाही. पंच्याऐंशीला निवृत्त होणाऱ्याला विश्रांती मिळते. साठीला बाजूला होणाऱ्याला दुसरं आयुष्य मिळतं. मधे 1999ला राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमलं आणि त्यांनी ते स्वीकारलं, हेही सांगायला हवं. पण सत्तेच्या स्पर्धेत ते पुन्हा उतरले नाहीत.

नानाजी बाहेर पडले त्याच 1978मध्ये शरद पवार 37व्या वर्षी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. ते पद त्यांना कोणी सहजासहजी सोपवलं नव्हतं. वसंतदादांचं सरकार पाडून ते मिळालं. पंचेचाळीस वर्षांनी, 2 मे 2023 रोजी, मुंबईच्या यशवंतराव चव्हाण केंद्रात पवारांनी पक्षाचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं तेव्हा सभागृहात रडारड झाली. कार्यकर्ते हटायला तयार होईनात. तीन दिवसांनी निर्णय मागे घेतला गेला, आणि दोन महिन्यांत पक्ष फुटला. फुटीनंतरच्या भाषणात पुतण्यानं काकांना वयाची आठवण करून दिली आणि थांबणार की नाही, असं जाहीरपणे विचारलं. इतक्या मोठ्या राजकीय घराण्यातली ही बोलणी भर सभेत व्हावीत, याचं अनेकांना वाईट वाटलं. मलाही वाटलं.

पण त्या सभागृहातल्या रडण्याचा विचार मनातून जात नाही. ते अश्रू खोटे नव्हते. त्यांत प्रेम होतं, आणि भीतीही होती: साहेब गेले तर आपलं तिकीट, आपला कारखाना, आपल्या तालुक्यातलं वजन यांचं काय? नेत्याला जागेवरून हलू न देणारे हात पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या हावेपेक्षा जोरकस असतात, आणि हे कुठल्या एका पक्षापुरतं नाही. आपल्या गावांतही सातबारा वडिलांच्या नावावर असतो आणि पन्नाशीचा मुलगा बियाण्याच्या पैशासाठी त्यांच्यासमोर उभा राहतो. तो शेती करतो, पण निर्णय घ्यायला शिकत नाही. मग वडील गेल्यावर चुलत्यांत, भावांत कोर्टकचेऱ्या सुरू होतात आणि लोक म्हणतात, म्हातारा होता तोवर बरं होतं.

महाराष्ट्र सरकारचा लिपिक 58व्या वर्षी घरी जातो, सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश 65व्या. लोकसभेसाठी राज्यघटनेनं 25 ही खालची मर्यादा घातली, वरची घातली नाही. ती घालावी असं मला वाटत नाही. मतदारांना एखादी ऐंशीची बाई हवी असेल तर त्यांना ती निवडता आली पाहिजे. पक्षांना मात्र वेगळे नियम करता येतात. एका माणसानं अध्यक्षपदावर किती काळ राहावं, जिल्हाध्यक्ष खऱ्या निवडणुकीतून यावा की वरून नेमला जावा, उमेदवारी एकाच घरात किती वेळा द्यावी, हे पक्षाच्या घटनेत लिहिता येतं आणि लिहिलेलं पाळता येतं.

आणि ज्येष्ठ नेत्यांना एक विनंती. अंगात ताकद असताना बाजूला व्हा. तुमच्यानंतर येणारा चुकणारच आहे. त्याची पहिली चूक होईल तेव्हा तुम्ही जवळ असलात, तर ती कशी निस्तरायची हे त्याला विचारता येईल.